एका पानासाठी चारशे अंक

वाचकाचा प्रश्न

ठाण्यात राहणाऱ्या आणि बँकेत नोकरी करणाऱ्या ५३ वर्षांच्या एका वाचकांनी लिहिले आहे. त्यांचे बालपण मिरजेत गेले. थोरल्या भावाबरोबर त्यांनी मराठी इंद्रजाल कॉमिक्स आणि अमर चित्र कथा यांचे अंक जमवायला सुरुवात केली. त्या काळातले सुमारे २०० अंक त्यांच्याकडे अजून आहेत आणि प्रत्येकाच्या आतल्या पानावर भावाच्या अक्षरात नाव व क्रमांक आहे. भाऊ आता हयात नाहीत. गेल्या पंधरा वर्षांत त्यांनी रद्दीवाले, जुन्या पुस्तकांची दुकाने आणि इतर संग्राहक यांच्याकडून आणखी ४४० अंक मिळवले. आता एका विक्रेत्याने त्यांना एका पौराणिक चित्रकथेचे, चित्रकाराने स्वतः शाईने काढलेले मूळ पान ८५ हजार रुपयांना देऊ केले आहे. पैसे उभे करण्यासाठी ४०० अंक विकावे लागतील आणि ते एकगठ्ठा ७० हजारांना घेणारा ग्राहकही तयार आहे. मात्र त्याने निवडलेल्या ४०० मध्ये भावाच्या नावाचे दीडशेहून अधिक अंक आहेत, आणि अंकांवर नावे लिहिलेली आहेत म्हणून त्याने भाव पाडूनही घेतला आहे. संग्राहक मित्रांचे म्हणणे असे की छापील अंक ही हजारो नकलांपैकी एक नक्कल, मूळ पान हीच अस्सल वस्तू, आणि पुढेमागे तिचा भावही वाढेल. पत्नीला वाटते की माळ्यावरच्या दोन ट्रंकांपेक्षा भिंतीवरचे एक चित्र बरे. कला महाविद्यालयात शिकणारी मुलगी म्हणते की असे पान चित्रकाराच्या कुटुंबाकडे किंवा संग्रहालयातच असायला हवे. विक्रेत्याने आठ दिवसांची मुदत दिली आहे. वाचक विचारतात, ‘अंक ठेवू की पान घेऊ?’

उत्तर

नमस्कार. तुमचे पत्र मी दोन वेळा वाचले. दोन्ही वेळा माझे लक्ष ८५ हजारांच्या आकड्यापेक्षा भावाच्या अक्षराबद्दलच्या त्या एका वाक्यावर थांबले. त्याकडे मी शेवटी येईन. आधी तुमच्या मित्रांनी वापरलेल्या ‘अस्सल’ या शब्दाबद्दल बोलायला हवे, कारण तुमची अर्धी घालमेल या शब्दाने निर्माण केली आहे.

चित्रकथा हा मुळात छापण्यासाठी जन्मलेला प्रकार आहे. चित्रकार आधी पेन्सिलीने रेखाटन करतो, मग त्यावर ब्रशने किंवा बोरूने काळी शाई चढवतो. हे पान बहुधा छापील पानापेक्षा बरेच मोठे असते, कारण छायाचित्र घेऊन ते लहान करताना रेषेतले बारीक दोष झाकले जातात. संवादाची अक्षरे पुष्कळदा दुसऱ्याच कोणाच्या हातची असतात, कधी वेगळ्या कागदावर लिहून फुग्यांत चिकटवलेली. चुकलेल्या रेषेवर पांढरा रंग फासलेला असतो. रंगांचे काम पुढे स्वतंत्रपणे होई आणि प्रत्येक रंगाची वेगळी प्लेट बनून ते छपाईयंत्रावर एकत्र येत. म्हणजे लहानपणी मिरजेत तुम्ही जो पिवळाधमक सूर्य आणि निळा कृष्ण पाहिला, तो त्या मूळ पानावर बहुतेक कधी नव्हताच. तो पहिल्यांदा अवतरला तो छापील कागदावर. चित्रकाराला जे वाचकाच्या हातात द्यायचे होते ते अंकातच पूर्ण झाले. पान ही त्या वाटेवरची एक मधली, अतिशय सुंदर अवस्था होय. म्हणून अंकाला नक्कल म्हणणे मला पटत नाही.

आपल्याकडचे एक उदाहरण देतो. राजा रविवर्म्यांनी १८९४ साली मुंबईत सुरू केलेला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला हललेला छापखाना तुम्हाला ठाऊक असेल. तिथून निघालेली लक्ष्मी आणि सरस्वती घराघरांच्या देव्हाऱ्यात पोहोचली. रविवर्म्यांचे तैलचित्र पाहणे हा वेगळा अनुभव आहे हे खरे, पण त्या शिळाछापांकडे आज कोणी जाणकार केवळ नक्कल म्हणून पाहत नाही. त्यांचा स्वतंत्र अभ्यास होतो आणि स्वतंत्र संग्रहही होतात. शिवाय तैलचित्र हे स्वतःपुरते पूर्ण असते. चित्रकथेचे पान तर छपाईवाचून अपुरेच राहते, त्यामुळे छापील अंकाची बाजू इथे अधिकच भक्कम आहे.

इंद्रजालच्या बाबतीत तर ‘मूळ पान’ ही कल्पनाच डळमळीत होते. मार्च १९६४ मध्ये बेनेट कोलमन कंपनीने ही मालिका वेताळाच्या, म्हणजे इंग्रजीतल्या ‘फँटम’च्या, कथेने सुरू केली. पण वेताळ हा ली फॉक यांनी १९३६ साली अमेरिकन वर्तमानपत्रांसाठी निर्माण केलेला नायक, आणि १९६१ पासून त्याच्या पट्ट्या साय बॅरी काढत होते. मूळ चित्र म्हणजे तीन-चार चौकटींची एक लांबट पट्टी, इंग्रजी अक्षरांची, रोज एक. अशा अनेक पट्ट्यांच्या चौकटी इथे कापून आणि जुळवून अंकाची पाने तयार केली गेली, संवाद मराठीत आले, आणि वेताळाचा देशही ‘डेंकाली’ झाला. तुम्ही वाचलेल्या त्या मराठी पानाचे एकसंध मूळ जगात कुठेही नाही. आहे तो फक्त अंक. याउलट सुरुवातीच्या अंकांची बी. गोविंद यांनी रंगवलेली मुखपृष्ठे, किंवा १९७६ साली आबिद सुरती यांनी जन्माला घातलेल्या बहादूरची गोविंद ब्राह्मणिया यांनी काढलेली पाने, ही इथल्या हातांची आणि इथल्या कागदावरची कामे होत. एकाच मालिकेत दोन्ही गोष्टी आहेत. म्हणून ‘पान मोठे की अंक मोठा’ हा प्रश्न सरसकट विचारताच येत नाही.

आणखी एक हकिकत सांगावीशी वाटते, कारण ती मला फार महत्त्वाची वाटते. अमेरिकेतल्या ग्रंथालयांनी जुन्या वर्तमानपत्रांची मायक्रोफिल्म (पानांची बारीक छायाचित्रे असलेली फिल्म) करून मूळ बांधीव खंड टाकून द्यायला सुरुवात केली, तेव्हा बिल ब्लॅकबिअर्ड नावाच्या गृहस्थांनी ते खंड स्वतःच्या घरी आणायला सुरुवात केली. मायक्रोफिल्म काळीपांढरी होती. रविवारच्या रंगीत चित्रपट्ट्या त्यात अक्षरशः विझून गेल्या होत्या. १९६७ च्या सुमारास सुरू झालेला हा संग्रह तीस वर्षांनी ओहायो राज्य विद्यापीठाकडे गेला तेव्हा तो हलवायला सहा मोठे ट्रक लागले आणि त्याचे वजन ७५ टन भरले. त्या माणसाने जमवली ती छापील रद्दीच होती. आज जुन्या चित्रपट्ट्यांची जी देखणी पुनर्मुद्रणे निघतात, त्यांतली कित्येक त्याच रद्दीतून शक्य झाली. तेव्हा छापील अंक सांभाळणारा माणूस संग्राहकांच्या खालच्या पायरीवर उभा आहे आणि मूळ पान घेतले की तो वर चढतो, अशी जी उतरंड तुमच्या मित्रांच्या बोलण्यातून डोकावते, ती कृपा करून मनातून काढून टाका.

इतके म्हटल्यावर पानाची बाजूही तितक्याच मनापासून मांडायला हवी, नाहीतर तुमच्या ओढीवर अन्याय होईल. हातातल्या मूळ पानावर चित्रकाराचा वेळ दिसतो. कपाळावरची आठी एकाच फटकाऱ्यात आली की तीन वेळा खोडून आली, हे दिसते. खोडरबराने न गेलेली पेन्सिल दिसते, समासात कोणा संपादकाने लिहिलेली सूचना दिसते, आणि दाट काळ्या भागात ब्रश कुठे कोरडा पडत गेला तेही दिसते. अमर चित्र कथेच्या अकराव्या क्रमांकाच्या ‘कृष्ण’ या अंकापासून राम वाईरकरांनी, पुढे प्रताप मुळीक आणि दिलीप कदम यांच्यासारख्यांनी आपल्या दोन-तीन पिढ्यांच्या डोळ्यांना देव, राजे आणि राक्षस दिले. त्यातल्या एखाद्या हाताची रेषा छपाईच्या ठिपक्यांशिवाय पाहणे हे सुख मी मुळीच कमी लेखणार नाही. तुम्हाला चित्र काढण्याची, निदान चित्र कसे घडते हे पाहण्याची आवड असेल, तर एक पान तुम्हाला शंभर अंकांहून जास्त शिकवील. तुमच्या पत्रात मात्र मला ही आवड फारशी दिसली नाही. तुम्ही अंकांचे क्रमांक सांगता, ते कुठे सापडले ते सांगता, कोणता अंक कितीदा वाचला ते सांगता. पानावर नेमका कोणता प्रसंग आहे आणि त्यात तुम्हाला काय आवडले, हे दोन पृष्ठांच्या पत्रात एकदाही येत नाही. हा दोष म्हणून मी सांगत नाही. पण आपली ओढ पानाची आहे की मूळ पानाचा धनी होण्याची, हे एकदा स्वतःला विचारून पाहा.

आता पैशांकडे येतो. मोठ्या लिलावांच्या बातम्या दोन्ही बाजूंनी भुरळ घालणाऱ्या आहेत. १९३८ साली दहा सेंटला विकला गेलेला, सुपरमॅन पहिल्यांदा ज्यात झळकला तो अंक एप्रिल २०२४ मध्ये ६० लाख डॉलरला गेला. स्पायडरमॅनच्या १९८४ सालच्या एका कथेतले, माइक झेक यांनी काढलेले एकच आतले पान जानेवारी २०२२ मध्ये ३३ लाख ६० हजार डॉलरला गेले. टिनटिन या चित्रकथा-नायकाच्या ‘ब्ल्यू लोटस’साठी त्याचे बेल्जियन चित्रकार एर्झे यांनी १९३६ साली रंगवलेले मुखपृष्ठ २०२१ मध्ये पॅरिसला सुमारे ३२ लाख युरोंना विकले गेले. विक्रीच्या वेळी त्याची सांगितली गेलेली गोष्ट अशी की ते छापायला फार खर्चिक ठरले, म्हणून त्याची घडी घालून ते प्रकाशकाच्या लहान मुलाला देऊन टाकले होते, आणि घड्यांच्या खुणा त्यावर अजून आहेत. हे आकडे खरे आहेत, परंतु ते शिखरांचे आहेत. जिथे अनेक दशकांचा बाजार, दर्जा ठरवणाऱ्या संस्था आणि जुन्या विक्रींच्या उघड नोंदी आहेत, तिथले ते आहेत. आपल्याकडे भारतीय चित्रकथांच्या मूळ पानांचा बाजार अजून फार लहान आहे. एका अंकाच्या अनेक प्रती फिरत असतात, त्यामुळे चार जणांना विचारून त्याचा भाव ताडून पाहता येतो. पान मात्र एकमेव असते. त्याच्याशी तोलून पाहायला दुसरे काहीच नसते. घेताना विक्रेता सांगेल तो भाव, आणि विकताना जो एक ग्राहक सापडेल तो सांगेल तो भाव. मुलीच्या शिक्षणासाठी पैसे हवे असतील तर ते बँकेत ठेवण्याइतके ज्ञान तुमच्यापाशी माझ्याहून जास्त आहे. चित्रकथांचा संग्रह, मग तो पानांचा असो वा अंकांचा, हा गुंतवणूक म्हणून करू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

तुमच्या सौद्याचे गणितही मांडून पाहू. ४०० अंक ७० हजारांना, म्हणजे अंकामागे १७५ रुपये. ही सरासरी आहे, आणि सरासरीचा फायदा नेहमी घेणाऱ्याला होतो. त्याने निवडलेल्या गठ्ठ्यात पन्नास-साठ अंक असे असतील की केवळ त्यांच्यासाठी तो सगळा गठ्ठा उचलतो आहे. ते कोणते, हे त्याला माहीत आहे. तुम्हाला माहीत आहे का? अमर चित्र कथेचे कित्येक अंक वर्षानुवर्षे पुनःपुन्हा छापले गेले आणि पुढे वेगळ्या क्रमांकांनीही आले. तेव्हा तुमच्याकडची प्रत पहिल्या छपाईची आहे की नंतरची, हे किंमत, पत्ता आणि मागच्या पानावरची जाहिरात पाहून आधी ठरवा. इंद्रजाल १९९० साली बंद पडले, त्यामुळे त्या जुन्या प्रती सांभाळल्या तेवढ्याच उरल्या. (इंग्रजी मालिकेतले १२३ आणि १२४ हे दोन क्रमांक संपामुळे निघालेच नाहीत, तरी काही मंडळी ते शोधत असतात, असली माहिती हाताशी असली की संग्राहकाचे पैसे आणि जीव दोन्ही वाचतात.) सगळ्या अंकांची यादी क्रमांक, वर्ष आणि स्थिती यांसह लिहून काढल्याशिवाय एकही अंक विकू नका.

आणि ती आठ दिवसांची मुदत. चाळीस-पन्नास वर्षे कुठेतरी सुखरूप राहिलेले पान आणखी एक महिना थांबू शकते. ‘दुसरा ग्राहक तयार आहे’ हे वाक्य घरांच्या दलालांपासून सगळे जण वापरतात. विक्रेता चांगला असेल तर तो तुमच्या प्रश्नांना वेळ देईल. देत नसेल तर तुमच्या शंकेचे उत्तर तुम्हाला आपोआप मिळाले.

ते प्रश्न कोणते हे थोडे विस्ताराने सांगतो, कारण मूळ पान घेण्याचा विचार करणाऱ्या प्रत्येकाला ते उपयोगी पडतील. पहिली गोष्ट म्हणजे ते पान ज्या अंकात छापले गेले तो अंक बरोबर घेऊन जा आणि चौकट अन् चौकट ताडून पाहा. छापील प्रतीत नसलेल्या गोष्टी पानावर दिसायला हव्यात: पेन्सिलीचे अवशेष, पांढऱ्या रंगाच्या दुरुस्त्या, चिकटवलेल्या फुग्यांच्या कडा, समासातले पान क्रमांक आणि आकार लहान करण्याच्या सूचना. कित्येक चित्रकार निळ्या पेन्सिलीने रेखाटन करीत, कारण छपाईच्या कॅमेऱ्यातल्या फिल्मवर फिकट निळी रेषा उमटत नसे. ती निळी रेषा असेल तर नीट पाहा. साध्या भिंगाखाली मूळ शाईची रेषा सलग आणि भरीव दिसते, छपाईचा छाप असेल तर ठिपके दिसतात. कडा संशयास्पद स्वच्छ असतील, दुरुस्तीची एकही खूण नसेल आणि रेषा एका जाडीची, बिचकत ओढलेली असेल, तर काचेखाली दिवा लावून गिरवलेली ती नक्कल असू शकते. काही चित्रकार स्वतःच जुन्या प्रसंगाचे नवे चित्र हौसेखातर काढून देतात. तो फसवणुकीचा प्रकार नव्हे, पण त्याला छपाईसाठी काढलेल्या पानाचा भाव द्यायचा नसतो.

दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे: हे पान विक्रेत्याकडे आले कुठून? आपल्याकडे चित्रकाराला पानामागे मोबदला मिळे आणि पाने पुष्कळदा प्रकाशनाच्या कार्यालयातच राहत. तिथून ते पान बाहेर पडले तेव्हा कोणी कोणाला दिले होते, विकले होते, की कोणी नुसते उचलले होते? अमेरिकेत या प्रश्नाने मोठे वादंग झाले. जॅक कर्बी या थोर चित्रकाराने मार्व्हल या कॉमिक्स-प्रकाशन संस्थेसाठी दहा हजारांहून अधिक पाने काढली, आणि दीर्घ झगड्यानंतर १९८७ साली त्यांना परत मिळाली ती जेमतेम दोन हजार. अनेक पाने तोवर कार्यालयाबाहेर जाऊन हातोहात फिरत होती. विक्रेत्याला पानाचा आधीचा प्रवास लेखी मागा. कोणाकडून, कोणत्या वर्षी, कोणत्या पावतीवर घेतले, हे तो लिहून देत नसेल तर परत या. पान कितीही सुंदर असले तरी परत या.

इथे तुमच्या मुलीचे म्हणणे येते, आणि ते मला या सगळ्या चर्चेतले सर्वांत विचारी म्हणणे वाटले. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात ‘५३ अ’ हे एक कलम आहे, आणि ते फार थोड्या संग्राहकांना माहीत असते. मूळ चित्र किंवा रेखाटन दहा हजार रुपयांहून अधिक किमतीला पुन्हा विकले गेले, आणि चित्रकार त्या कामाच्या हक्काचा पहिला मालक असेल, तर त्या किमतीत चित्रकाराचा किंवा त्याच्या वारसांचा वाटा असू शकतो; तो दहा टक्क्यांपर्यंत असतो. चित्रकथेच्या पानाला हे लागू होईल की नाही, हे चित्रकार आणि प्रकाशक यांच्यातल्या करारावर अवलंबून राहील, आणि त्यासाठी वकिलाला विचारणे बरे. कायदा काहीही म्हणो, चित्रकाराच्या कुटुंबाशी संपर्क होऊ शकत असेल तर तो करावा, पान आपल्याकडे येत आहे हे त्यांना कळवावे, आणि त्यांच्याकडून त्या कामाची माहिती ऐकून लिहून घ्यावी, असे मला मनापासून वाटते. ही चित्रे काढणाऱ्यांपैकी अनेकांची नावे वाचकांपर्यंत नीटशी पोहोचलीही नाहीत. हेही लक्षात असू द्या की पानाचा कागद तुमचा झाला तरी ते चित्र छापण्याचा हक्क तुमचा होत नाही.

पान संग्रहालयातच असावे हे मात्र मी सक्तीने म्हणणार नाही. खासगी घरांनी सांभाळले म्हणूनच बरेच काही टिकले आहे. कोणी अभ्यासक पाहायला आला तर दार उघडायचे आणि पुढेमागे ते योग्य संस्थेकडे जाईल अशी तरतूद करायची, एवढे केले तरी मुलीच्या आक्षेपातला गाभा सांभाळला जाईल.

आता भावाचे अक्षर. बाजाराच्या भाषेत अंकावर पेनाने लिहिलेले नाव हा डाग आहे, वाचनालयाचा शिक्का हा डाग आहे, बाइंडिंग करताना कापलेली कड हा डाग आहे. त्या ग्राहकाने भाव पाडला तो त्याच्या हिशेबाने बरोबरच केला. पण याचा अर्थ असा की तुमच्यासाठी ज्या अंकांची किंमत सर्वांत जास्त, नेमके तेच तुम्ही सर्वांत कमी दराने द्यायला निघाला आहात. शिवाय, तुम्ही आणि तुमचे मित्र ज्या एकमेवपणाच्या शोधात त्या पानापर्यंत पोहोचलात, तो एकमेवपणा तुमच्या ट्रंकेत आधीपासून आहे. वेताळाच्या एखाद्या अंकाच्या हजारो प्रती निघाल्या असतील. मिरजेतल्या त्या मुलाने क्रमांक घालून, नाव लिहून ठेवलेली प्रत एकच आहे. हे दीडशे अंक गेले तर पुढे कितीही पैसे हातात आले तरी परत मिळणार नाहीत. मी तुमच्या जागी असतो तर हे २०० अंक विक्रीच्या यादीतून आजच काढून टाकले असते आणि त्यांच्याबद्दल पुन्हा कोणाशी सौदा बोललो नसतो.

राहिले नंतर घेतलेले ४४० अंक. त्यांच्याबाबत मी इतका हळवा होणार नाही, आणि तुम्हीही होऊ नका. यादी झाली की त्यांत दुबार प्रती निघतील, पुन्हा सहज मिळतील अशी पुनर्मुद्रणे निघतील, आणि केवळ क्रमांक भरण्यासाठी घेतलेले, एकदाही न वाचलेले अंक निघतील. ते सावकाश, पाच-दहाच्या लहान गटांत, वाचणाऱ्यांना विका. यातून सहा महिन्यांत वीस-पंचवीस हजार आले आणि तोवर पानाची ओढ टिकली, तर पानच घ्या. पण मग हेच पान हवे असा आग्रह नको. मुखपृष्ठ, मोठ्या चित्राचे पहिले पान किंवा नायकाची लढाई असलेले पान नेहमी महाग असते. एखाद्या म्हाताऱ्या ऋषीशी दोन पात्रे बोलत आहेत असे साधे पान त्याच चित्रकाराच्या त्याच हातचे असते आणि पुष्कळ कमी पैशांत मिळू शकते. रेषेवर प्रेम असणाऱ्याला त्यात काही उणे वाटणार नाही. एखाद्या हयात चित्रकाराकडून थेट पान घेता आले तर सर्वांत उत्तम. खरेपणाचा प्रश्न उरत नाही आणि पैसे ज्याचे त्याला मिळतात. जाता जाता तरुण वाचकांसाठी सांगतो की आजच्या अनेक चित्रकथा थेट संगणकाच्या पडद्यावर काढल्या जातात, त्यांचे कागदी मूळ नसतेच. तिथे अंक हाच संग्रह.

तुमच्या पत्नीचे म्हणणे जागेबद्दल असले तरी त्यात एक तथ्य आहे जे त्यांनी कदाचित बोलून दाखवले नसेल: माळ्यावर बंद पडलेला संग्रह घरातल्या कोणालाच दिसत नाही. भावाच्या अंकांपैकी वीस-पंचवीस दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात, उन्हापासून दूर ठेवा, अधूनमधून बदला, आणि घरी आलेल्याच्या हातात द्या. पान घेतलेत तर त्याच्या चौकटीसाठी काचेचा कागदाला स्पर्श होणार नाही असा जाड पुठ्ठ्याचा समास घालून घ्या, मागे प्लायवूड लावू देऊ नका, आणि खिडकीसमोरची भिंत टाळा. काळी शाई टिकते, मार्करची शाई आणि रंग उन्हात उडतात. लॅमिनेशन तर कशालाही करू नका, पानालाही नाही आणि मुखपृष्ठालाही नाही. हौसेने लॅमिनेट केलेली मुखपृष्ठे मी पाहिली आहेत. ती परत सोडवता येत नाहीत.

अंकांचा कागद स्वस्त लगद्याचा आहे, त्यात आम्ल असते, आणि उजेड व दमट हवा मिळाली की तो पिवळा पडून ठिसूळ होतो. ठाण्यासारख्या हवेत पिना गंजतात आणि गंज पानात उतरतो. मऊ, वास येणाऱ्या पीव्हीसीच्या पिशव्या टाळा. पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिस्टरच्या साध्या पिशव्या आणि आम्लरहित पुठ्ठा घ्या, अंक उभे ठेवा, फार दाबून भरू नका, डांबरगोळ्या कागदाला लागून ठेवू नका, आणि फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावण्याचा मोह आवरा. कसर आणि वाळवी यांना बंद, न हलवलेली ट्रंक फार आवडते.

विक्रेत्याला आजच कळवा की मुदत तुम्हाला मान्य नाही आणि पानाचा पूर्वेतिहास लेखी हवा आहे. त्याने होकार दिला तर भिंग, तो अंक आणि मुलगी, तिघांना घेऊन जा; रेषा पाहायला तिचे डोळे तुमच्याहून तयार असतील. एकगठ्ठा ग्राहकाला नकार कळवा. आणि पावसाळा तोंडावर आला आहे, तेव्हा बाकी काही ठरो वा न ठरो, भावाचे अंक असलेली ट्रंक या रविवारी माळ्यावरून खाली उतरवा.